मोळीची चादर आणि उभ्या काठाची ताटली

मालतीताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते कसबा बावड्याच्या रस्त्यावर, आणि त्या वेळी ताई चक्क रस्त्याकडेला आडव्या पडल्या होत्या. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. एक गाडीवान मला म्हणाला, "ओ बाई, ह्यास्नी भोवळ आलीया वाटतं. पाणी हाय का जवळ?" मी धावत गेले, तर त्यांच्या डोळ्याला कॅमेरा! "जरा बाजूला व्हा, तुमची सावली येतेय," एवढेच त्या म्हणाल्या. गाडीत रचलेल्या उसाच्या मोळ्यांची कापलेली टोके त्या टिपत होत्या. पुढच्याच आठवड्यात त्या आमच्या मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. मी तिथे मराठी शिकवत असे. ओळखीची मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

मुंबईत नव्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले, की ताई रजा टाकून जात. एकदा त्यांनी मलाही नेले. एका भल्यामोठ्या चित्रात नुसते काळे-तांबडे पट्टे होते. मी गोंधळून विचारले, "यात आहे तरी काय?"

"ते राहू दे. तुझी नजर कुठे थांबली, ते सांग."

मी कोपऱ्यातल्या एका बारीक पिवळ्या रेघेकडे बोट दाखवले. "मग दिसलं की तुला!" असे म्हणून ताई पुढच्या चित्राकडे वळल्या. त्यानंतर चित्रांची भीती मला कधी वाटली नाही.

बावड्यातले महिला मंडळ ठशांनी चादरी छापत असे. ताई शाळा सुटल्यावर तिथे मदतीला जात. मंडळाच्या ठशांवर तीच ती गुलाबाची फुले. तशाच चादरी गिरण्यांतून स्वस्तात येऊ लागल्या आणि दुकानदार मंडळाचा माल परत पाठवू लागले. काम बंद करावे, असे बोलणे निघाले. कितीतरी घरांची चूल त्या कामावर पेटत होती. ताईंनी मोळ्यांचा तो फोटो बैठकीत ठेवला आणि म्हणाल्या, "फुलांऐवजी ही टोकं छापू या. पांढऱ्यावर निळी."

मंडळाच्या अध्यक्षा आक्का शेतकरी घरातल्या. त्या कडाडल्या, "जलमभर ऊसच बघत आलोय आमी. आता झोपायचं बी त्याच्यावरच व्हय?"

सगळ्याजणी हसल्या, ताईही हसल्या. "एकच चादर छापू. आक्का, तुम्ही ती घरी अंथरा. नाही आवडली, तर ठसा चुलीत घाला."

काही दिवसांनी आक्का मंडळात आल्या त्या बोलतच. "माझी नणंद गारगोटीस्नं आलती. चादर उचलून घिऊन गेली की! म्हनती, आसली कुठं बघितली न्हाय."

नेहमीच्या दुकानदाराने मात्र तशी चादर नाकारलीच. मग बायकांनी तशा आणखी चादरी छापल्या आणि स्वतःच गारगोटीच्या आणि हातकणंगल्याच्या बाजारांत गठ्ठे नेले. ताई त्यांच्याबरोबर एसटीने हिंडल्या, बाजारात जमिनीवर बसल्या. पुढे तोच दुकानदार मंडळाच्या दारात मागणी घेऊन आला. ते काम आजही चालू आहे.

एक गोष्ट माझ्या घरची. अर्धांगवायूने माझ्या वडिलांचा उजवा हात गेला. डाव्या हाताने चमच्याने जेवताना भात ताटाबाहेर सांडे, म्हणून ते आमच्यात जेवायला बसेनासे झाले. एकदा घरी आल्या असताना ताईंनी हे पाहिले. काही दिवसांनी त्यांनी कारागिराकडून घडवून घेतलेल्या चार ताटल्या आणल्या. एका बाजूचा काठ उभा आणि किंचित आत वळलेला. चमच्याने भात तिथवर सरकवला की आपोआप चमच्यात यावा.

"चार कशाला?" मी विचारले.

"एकच आणली असती, तर ती आजारी माणसाची ताटली झाली असती."

त्या दिवशी आम्ही घरातले चौघेही तशाच ताटल्यांत जेवलो. वडील आमच्या पंक्तीला बसले आणि त्यांनी पुन्हा भात मागून घेतला. आई उठून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ताईंनी आता साठी गाठली आहे. सध्या शहरातल्या जुन्या खिडक्यांच्या गजांनी त्यांना वेड लावले आहे. अंबाबाईने त्यांना भरपूर वर्षे द्यावीत, पाय धड ठेवावेत, नजर अशीच ठेवावी. आणि त्यांच्याबरोबर मंडईला निघालेल्या आम्हा मैत्रिणींना पावलोपावली खिडक्यांपाशी थांबून, भाजी न घेताच घरी परतण्याचे भाग्य अजून पुष्कळ वर्षे लाभावे.