गाळलेलं नववं पान

लिहिता येतं म्हणून काय माणसाने दुसऱ्याचा भाऊच पळवावा? शोभाच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मालिनीवहिनी म्हणजे तिच्या दादाची, कॅप्टन दिगंबरची, बायको. लडाखच्या चौकीवर दादा बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला, त्याला आता, चौऱ्याऐंशी साली, एकोणीस वर्षं झाली. एवढी वर्षं वहिनी गप्प होती. मुलाकडे अमेरिकेत, शोभा राहते त्याच ओहायोतल्या डब्लिनला आली आणि तिला आठवणी लिहायचं वेड लागलं. तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला जावं तर जो तो तिच्याभोवती, "काकू, पुढचा भाग कधी?" अहो, दादाबरोबर वहिनीचा संसार जेमतेम पाच वर्षांचा, त्यातला निम्मा पत्रांतून! शोभा त्याच्याबरोबर एका ताटात जेवून मोठी झाली होती. पण बहिणीला विचारतो कोण?

आणि नशीब बघा. मंडळाचा दिवाळी अंक हाताने लिहायचा आणि मंडळातल्या अनिलच्या ऑफिसात झेरॉक्स काढायच्या, ही तिथली रीत. मोत्यासारखं अक्षर कुणाचं? शोभाचं. म्हणजे वहिनीचं कौतुक हिनेच उतरवून काढायचं! आठ पानं तिने दातओठ खात उतरवली. नवव्यावर मथळा दिसला, 'त्यांचं सामान घरी आलं.' पुरे झालं रडगाणं, म्हणत तिने ते पान न वाचताच बाजूला सारलं. कुणी विचारलंच तर जागा नव्हती म्हणायचं, झालं.

दिवाळीच्या कार्यक्रमात शाळेच्या हॉलमध्ये अंक वाटले गेले. वहिनी माइकपाशी आली. अंक न उघडता तिने आपली वही काढली आणि नेमकं तेच पान वाचायला घेतलं.

"सामानात माझी सगळी पत्रं होती. मी विणलेला स्वेटर पेटीत घडी न मोडता तसाच. यांच्या गळ्यात मात्र शोभाने विणलेला मफलर सापडला, असं सामान घेऊन आलेले सुभेदार म्हणाले. मी जळले हो! शोभाला सांगितलं, मफलर बर्फात गेला. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. तिला तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून लिहायला बसले. बाकीचं सगळं लिहिलं ते या एका पानासाठी."

 हॉलभर अंकांची पानं फडफडू लागली.

"शोभाताई," शेजारच्या रवीने हळूच विचारलं, "हे पान यात दिसत नाही ते?"

शोभाच्या मांडीवर अंक उघडा होता. तिच्याच सुरेख अक्षरातली आठ पानं, आणि त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं.

"जागा नव्हती," ती म्हणाली.