केबल काढलेलं चौथं मशीन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस मी. आजही कुणी 'अंगात येतं' म्हणालं तर आधी डॉक्टरकडे न्या, असंच सांगतो. तरी हे लिहितोय, कारण त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो आणि मागच्या वर्षी मुकादमभाई गेले... आता सांगणारा मी एकटाच.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी मूळचा खामगावकडचा. शाळा आठवीत सुटली. टेलिफोनच्या केबली ओढत ओढत रत्नागिरीला पोचलो. तिथे मच्छीमारांच्या एका संस्थेत मुकादमभाई कॉम्प्युटर सांभाळत. आखातात शिकून आलेले. त्यांनी मला ठेवून घेतलं, इंग्रजी अक्षरं पुन्हा गिरवायला लावली, टायपिंग शिकवलं. गावाकडे आईला मी साहेबांच्या खोलीत बसतो याचंच कौतुक! मला मात्र रोज धास्ती — काही चुकलं तर परत खड्डे खणायला.

जेटीजवळच्या ऑफिसात दोन सर्व्हर आणि चार मशीन होती. सर्व्हर एकमेकांना जोडलेले. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. भाई त्याला क्लस्टर म्हणत. एका डिस्कवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर उतरे, ते मिररिंग. त्यात होड्यांची यादी — कोण, कधी, कुठल्या अंगाला गेलं. होडीचा प्रमुख, तांडेल, जाताना चिठ्ठी देई, मी टाईप करी, मग शिपाई त्याच चिठ्ठीने चहाचा स्टोव्ह पेटवी. वहीसुद्धा आम्ही बंद केली होती. दोन-दोन डिस्कवर आहे की!

त्या दिवशी सकाळी भाईंनी प्रयोग काढला. एक डिस्क काढली, तरी काम चालू राहिलं. भाई खूश. मग तिच्या जागी अकरा दिवसांपूर्वी काढून ठेवलेली डिस्क बसवली. मशीनने इंग्रजीत विचारलं, कुठून कुठे उतरवू? एवढ्यात भाईंना फोन आला.

"कर रे वऱ्हाडी, येतंय तुला आता," ते जाता जाता म्हणाले.

मी पहिलं नाव निवडलं आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने चारही मशीनवरून यादीचा फोल्डर दिसेना. भाई म्हणाले, केबल बघ. ती एका मशीनवरून दुसऱ्यावर जाई आणि शेवटी टोकाला एक छोटी टोपी लावावी लागे. ती सैल झाली तर सगळी लाईन बंद. मी चौथ्या मशीनची केबल काढली, टोपी तिसऱ्याला लावली. तिन्ही मशीनवर फोल्डर आला. यादी उघडली... अकरा दिवसांपूर्वीची.

भाईंनी माझ्याकडे बघितलं. "उलटं उतरवलंस."

जुनं नव्यावर चढलं होतं. दोन्ही डिस्कवर आता जुनंच. सकाळी काढलेली डिस्क तर भाईंनी तेव्हाच कोरी करून ठेवली होती.

तेवढ्यात सेक्रेटरी सावंत दारात. "भाई, वादळाचा संदेश आलाय. बाहेर कोण कोण आहे, यादी द्या. वायरलेसवर सांगायचंय." त्यांच्या मागून सुगंधावहिनी आत घुसली. संस्थेत मासळी सुकवायला यायची. तिचा नवरा 'समुद्रकन्या' होडीवर खलाशी.

"भाऊ, आमचे कुठे हायत बघा ना! दोन पोरांचा बापूस हाय तो."

"देतो, दहा मिनिटं," भाई म्हणाले आणि दोघांना बाहेर काढलं. दार लावून मला हळूच म्हणाले, "आता देणार काय, माझं डोस्कं?"

मी खाली बघत उभा होतो. मान वर केली तर चौथं मशीन चालू... आणि त्यावर यादी. वर त्या दिवसाची तारीख!

"भाई... त्याला तर केबल नाही."

केबलचं टोक जमिनीवर पडलेलं आम्ही दोघांनी बघितलं. सकाळी मी तिथे यादी उघडली होती, खरंय. पण केबल काढताना मी ते मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं.

"हात लावू नको," भाई म्हणाले. "वाच, मी लिहितो."

मी वाचत गेलो, सोळा होड्या. 'समुद्रकन्या'च्या ओळीत परत आल्याचा रकाना भरलेला होता. मी अक्षर अक्षर लावलं — जे, ए, आय, जी, ए, डी.

"जयगड? हे तू टाईप केलंस?"

"नाही हो भाई. आईशप्पथ नाही."

भाईंनी कागद सावंतांना दिला. जयगडला अर्जंट ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत वहिनी माझी बाही धरून उभी होती. पलीकडून माणूस ओरडत म्हणाला — 'समुद्रकन्या' आत्ताच खाडीत शिरली, दोरसुद्धा बांधून झाला नाही! उरलेल्या होड्यांच्या जागा त्याच कागदावरून वायरलेसवर गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या किनाऱ्याला लागल्या. आम्ही खोलीत परतलो तेव्हा चौथ्या मशीनचा पडदा काळा होता.

भाईंनी रिपोर्टात 'केबल सैल' एवढंच लिहिलं. माझं नाव कुठेच नाही. पुढे कितीतरी वर्षं ते म्हणत, यादी मेमरीत राहिली असेल, मशीन बंद केल्याचं तुला नीट आठवत नसेल. असेल. पण जयगड? तो तर सकाळी मी यादी उघडल्यानंतरचा...

वहिनी मी रत्नागिरी सोडेपर्यंत दर रविवारी बांगडे आणून द्यायची. "भाऊ, तुम्ही शोधलंत त्याला," म्हणायची. यादी मीच पुसली होती, हे तिला कधी सांगितलं नाही. बांगडे घेतले, खाल्ले. त्या ओळीत ते कुणी लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही, आणि तिचे आभार कुणापर्यंत पोचवायचे, तेही नाही.