पदरातल्या फुटक्या पोळ्या

जवळ बस गं पोरी, सासरी जायची एवढी घाई कावून? आमच्या गल्लीतली ती ठेंगणी बाई दर बैलपोळ्याला पाट्यावर आमचं पुरण वाटायची. वाटताना डाळीलाच म्हणायची, "मऊ हो गं माय." औंदा मी मिक्सर आणला अन् तिला बोलावलंच न्हाई. पुरण पातळ झालं, पोळ्या तव्यावर फुटल्या. तीच दाराशी आली. "अक्का, पाणी निथळलं न्हाई वाटतं!" म्हणून हसली, पुरण आटवून पोळ्या लाटून दिल्या. चांगल्या मी पाहुण्यांना ठेवल्या, आधीच्या फुटक्या तिच्या पदरात घातल्या. तिनं त्या कपाळाला लावल्या. "लई केलंत, अक्का." माझी मानच वर होईना. तिला पाटावर बसवून वाढायचंय, पण एकटीनं बोलवायला तोंड न्हाई. तू सासरहून लवकर परत ये गं, दोघी तिला बोलवायला जाऊ.