चार सुया आणि द्वादशीचं ताट

माझी भाची नंदिता एका जागी स्वस्थ बसलेली मी तिच्या लहानपणापासून पाहिलेली नाही. पंगतीत वाढपी तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती उठून तिसऱ्याच पानावर गेलेली असायची. पायाला भिंगरी, असं तिची आई म्हणायची, आणि म्हणताना स्वतःही कुठे ना कुठे चाललेली असायची. अशा मुलीनं माणसांना निश्चल निजवून त्यांना सुया टोचायचा धंदा पत्करावा, याला काय म्हणावं?

मी हरिकृष्ण, शिंपी. कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. तिरुभुवनमच्या रेशमी साड्या घेणाऱ्या बायका त्यावरचे ब्लाउज माझ्याकडे टाकतात आणि उद्याच पाहिजेत म्हणतात. आमच्या घरात सुई पिढ्यानपिढ्या आहे, पण ती कापडात जाते. नंदिता सुयांचे खोके घेऊन परत आली तेव्हा मी तिला हेच म्हणालो. ती म्हणाली, “मामा, कापड ओरडत नाही, एवढाच फरक.”

कॉलेज झाल्यावर ती चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकरीला गेली होती. तिकडे मोटारींचे कारखाने, आणि कारखान्यांमागे कोरियाची पुष्कळ माणसं. त्यांच्यातली एक म्हातारी बाई, हान तिचं नाव, आपल्या देशाच्या जुन्या पद्धतीनं सुया टोचून उपचार करायची. तमिळ नोकरमंडळी तिला हानअम्मा म्हणत. नंदिताचं काम होतं दारात बसून लोकांना वेळा द्यायच्या आणि तमिळचं इंग्रजी करून सांगायचं. पण दारात बसेल ती नंदिता कसली! ती आत डोकावली, मग आतच राहिली, आणि वर्षं घालवून शिकली. हानअम्मा थकून मायदेशी परतल्यावर ही आपल्या गावी आली. माझ्या दुकानामागची खोली रिकामीच होती. तिथं तिनं एक बाक टाकला, पांढरा पडदा लावला आणि पाटी टांगली.

“दिवाळीपर्यंत बघतें, मामा,” ती म्हणाली. “नाही जमलें तर परत जातें. तिकडे नोकरीची जागा आहे मज.”

हे वाक्य ती माझ्याशी बोलली, पण ते झोंबलं माझ्या अक्काला. रुक्मिणीबाई, माझी थोरली बहीण, नंदिताची आई. भाओजी गेल्यापासून घरात एकटी. लेक परत आल्यापासून ती दोन माणसांचा भात लावायला लागली होती.

पहिलं गिऱ्हाईक अर्थात मी. मशीनवर वाकून वाकून माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली होती. नंदितानं आधी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि मग मानेला हातही न लावता सुया घातल्या डाव्या हातात आणि डाव्या पायात. केसाएवढ्या बारीक सुया. टोचलेलं कळलंसुद्धा नाही, पण मला राग आला.

“अगे, दुखणें हिकडे, आणि तूं तिकडे काय शिवतेस?”

“ब्लाउज खांद्यावर ओढत असला तर तुम्ही शिवण कुठली उसवतां? खांद्याची?”

बगलेतली. हे शिंप्याला कबूल करावंच लागतं. मग तिनं मला सांगितलं ते असं. झाडातून आग होते, आग विझली की राखेची माती होते, मातीतून धातू निघतो, थंड धातूवर पाणी जमतं, पाण्यावर झाड वाढतं. प्रत्येक जण पुढच्याची आई. शरीरातल्या इंद्रियांचं नातं त्या विद्येत असंच लावतात. म्हणून एखादं इंद्रिय दुबळं झालं की त्याच्याशी झटायचं नाही, त्याच्या आईला बळ द्यायचं. आणि त्याला दाबणारा कोणी दांडगट असतो, जसं पाणी आगीला दाबतं, त्याला जरा शांत करायचं. दोन सुया आईच्या, दोन दांडगटाच्या. बळ द्यायचं तर सुई अंगातल्या शक्तीच्या प्रवाहाच्या दिशेनं तिरपी, शांत करायचं तर उलटी. जागा सगळ्या कोपराच्या खाली नाहीतर गुडघ्याच्या खाली, आणि बहुतेकदा दुखऱ्या अंगाच्या विरुद्ध बाजूला. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी कोणी भिक्षू गुहेत बसून हे शोधून गेला म्हणतात, त्याचं खरं नावही कोणाला माहीत नाही. म्हणजे आमचे पूर्वज महाराष्ट्रातून घोड्यांवर बसून तंजावरकडे धूळ उडवत येत होते, त्याच सुमारास तिकडे एक माणूस शांत बसून हा विचार करत होता. आमच्या लोकांना शांत बसणं तेव्हाही जमलं नाही.

मलाही जमेना. बाकावर पडल्या पडल्या माझा पाय आपोआप मशीनचा पायटा मारू लागे आणि नंदिता पडद्याआडून ओरडे, “मामा, पाय!” मान वळू लागली हे खरं. सुयांनी वळली की तेवढा वेळ मशीनपासून लांब पडल्यानं वळली, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट तिनं मला तेव्हाच सांगितली होती. रिकाम्या पोटी सुई घालायची नाही, माणूस चक्कर येऊन पडतो. पण ‘जेवलात का’ असं कधी विचारायचं नाही, ही हानअम्माची सक्त ताकीद. कारण त्यांच्या देशातही माणसं भेटली की आधी हेच विचारतात, आपल्याकडे “साप्टिंगळा?” विचारतात तसं. आणि उत्तर ठरलेलं असतं, झालं. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या घरी पान मागणं. म्हणून विचारायचं, काय खाल्लंत? खोटं बोलणाऱ्याला भाजीचं नाव पटकन सुचत नाही.

अक्काचा उजवा खांदा तेव्हा धरला होता. हात कानापर्यंत जाईना. साखरेच्या आजारात असं होतं, वर्षदीड वर्ष लागतं, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू होत्या, आणि उपास बंद, असं तिनं डॉक्टरांना माझ्यादेखत कबूल केलं होतं. वेणीचा अंबाडा ती डाव्या हातानं कसाबसा घालायची, तो तिरका व्हायचा. नंदिता फणी घेऊन मागे उभी राहिली की म्हणायची, “मी मेलें काय?” आणि सुईचं नाव काढलं की, “नोको गे बाई, देवानें दिलेल्या अंगास भोकें नोको.”

खोली चालेना. येणारे यायचे, बहुतेक गुडघेवाले, पण लोक सुईला भितात. नंदिता पडदा धुवायची, बाक हलवायची, पुन्हा जागेवर आणायची, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. माझ्या दुकानातून तिची ये-जा बघून माझे टाके वाकडे पडू लागले. शेवटी एके दिवशी ती फोनवर श्रीपेरुंबुदूरच्या मैत्रिणीला “येतें, जागा धरून ठेव” असं सांगत होती, आणि अक्का दारात उभी होती.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी अक्का दुकानात शिरली ती भजनातल्या दोन बायकांना बरोबर घेऊन. “बघा, माझी लेक कशी सुई घालते ती,” असं मोठ्यानं म्हणाली. नंदिताचा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर ज्या बाईनं तिला फणीला हात लावू दिला नाही, ती चारचौघांत तिच्यापुढे हात करत होती. आनंदानं नंदिताचे हात भिरभिरले.

“जेवलीस गे अम्मा?”

“झालें गे.”

घरातलाच प्रश्न, घरातलंच उत्तर. परक्याचं ते उत्तर तिनं चालवून घेतलं नसतं. बाकावर आडवी हो म्हटलं तर अक्का त्या बायकांसमोर आडवी व्हायला तयार होईना, तेव्हा खुर्चीवर बसवूनच सुया घातल्या. दोन आईच्या, दोन दांडगटाच्या. बायका माना लांब करून बघत होत्या. अक्का हसत होती. मग तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, आणि ती खुर्चीतून घसरली.

नंदितानं सुया काढल्या, तिला आडवं केलं, माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर तिचे पाय चढवले. हे सगळं तिनं बिनचूक केलं, पण तिच्या तोंडाला रंग उरला नव्हता. शुद्ध आल्याबरोबर मी साखरेचं पाणी अक्काच्या तोंडाशी नेलं तर तिनं दात घट्ट मिटले.

“आज एकादशी,” ती मिटल्या दातांमधून म्हणाली. “निर्जळ.”

त्या दोघी बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं होतं, फराळ तरी केला असेल. माझं कॅलेंडर म्हणजे ब्लाउज द्यायच्या तारखा, आणि नंदिताची तिथीची सवय कारखान्याच्या गावात कधीच सुटली होती. मी ओरडलो, “विठोबास मी सांगतों काय तें! तूं पी आधीं!” आणि पाजलंच. मग रिक्षात घालून डॉक्टरांकडे. गोळी पोटात आणि अन्न नाही, त्यामुळे साखर उतरली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धं सोडलं.

संध्याकाळी नंदितानं पाटी उतरवली. “हानअम्मानें मज पहिल्या दिवशी सांगितलें तें मी आईसमोर विसरलें,” ती म्हणाली. “मामा, जी आपल्या आईस पाडते, तिनें दुसऱ्या कोणाच्या अंगास हात लावूं नये. उद्यां सकाळच्या गाडीनें जातें.” मी काही बोललो असतो, पण ती बोलून थांबलीच नाही. महामहम तळ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

मी तडक अक्काकडे गेलो आणि तिला वाट्टेल ते बोललो. बोलणं संपल्यावर ती वर पंख्याकडे बघत म्हणाली, “नवस बोललें होतें रे. खोली चालावी, तिनें हिकडेच राहावें, म्हणून निर्जळ एकादशा.”

“लेकीस बांधून घालायला उपास करतेस, आणि तिच्याच सुईखाली पडतेस! आता कशी राहील ती?”

मला तिचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. घरी जाऊन मी जेवलो नाही. मग ध्यानात आलं की मीही तेच करतोय, तेव्हा उठून ताकभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. नंदिताची पिशवी माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवलेली, ती आत रिकाम्या खोलीत उगाच फिरत होती. अक्का आली. डाव्या हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट, अंबाडा नेहमीसारखा तिरका. माझ्याकडे न बघता ती आत गेली आणि बाकावर बसली. पान काढलं. द्वादशीला एकादशी सोडतात तो आमच्याकडचा सगळा स्वयंपाक होता. अगत्तीचा पाला, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला हादगा म्हणतात तो, परतलेला. आवळ्याची दह्यातली पच्चडी. भात, चिंच न घातलेलं सार.

ती जेवायला लागली. आपल्या बहिणीला असं कोणासमोर एकटीनं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून, काय उरलं ते खातात. ती लेकीकडे तोंड करून जेवत होती, सावकाश, घास चावून. नंदिता कपाटाशी उभी होती. तिचे पायसुद्धा थांबले होते. मी मशीन थांबवून पडद्याच्या फटीतून बघत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

ताट पुसून काढल्यासारखं झालं तेव्हा अक्का उठली, हात धुतला, आणि आपणहून बाकावर आडवी झाली. पदर सारखा करून डावा हात पुढे केला.

“विचार,” ती म्हणाली.

नंदितानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिनं विचारलं.

“काय खाल्लेंस, अम्मा?”

“अगत्ती. आवळ्याची पच्चडी. सारभात, दोनदां घेतला. आधीं गोळी.” मग थोडी थांबली. “आणि तो नवस मी आज देवास परत दिला. तूं राहा नाहीतर जा. मी जेवत जाईन.”

नंदिता कपाटापासून हलली. मग तिनं पायरीवरची पिशवी आत आणली, त्यातून सुयांचा खोका काढला, स्टूल बाकाशी ओढलं आणि आईचा हात हातात घेऊन नाडी बघत बसली. सकाळची गाडी गेली तरी ती उठली नव्हती.