घाई नाही, असं कोण म्हणालं

गाडी वर्कशॉपला दिली तेव्हा आंबे बाजारात होते. पोळ्याचे बैल रंगवायची वेळ आली तरी तिकडून एकच पालुपद चालू होतं, पार्ट आलेला नाही. मी फोन करायचे आणि आमचा सर्व्हिस ॲडव्हायजर दर वेळी त्या पार्टला नव्या गावाला पाठवायचा. कधी तो चेन्नईहून निघालेला असायचा, कधी पुण्याच्या गोदामात अडकलेला, तर कधी कंपनीची मंजुरीच बाकी असायची. इतका प्रवास मी जन्मात केलेला नाही.

गाडी ऑटोमॅटिक. लोक ती आरामासाठी घेतात, मी नाइलाजानं घेतली. लहानपणच्या पोलिओनं माझा डावा पाय गेलेला आहे. कॅलिपर लावून चालते, पण क्लच दाबणं जमत नाही. त्यामुळं शाळा, कॉलेज, पहिली नोकरी हे सगळं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, स्कूटरवर मागं बसून झालं. आई गेल्यापासून छावणीतल्या घरात आम्ही दोघंच. वाळूजच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. पगारातून पैसे साठवून मी ही गाडी घेतली आणि चाळिशीच्या तोंडावर पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडले. कुणाला न सांगता वाटेत थांबून भुट्टा खाण्यात काय सुख असतं, ते दोन्ही पायांनी धड असलेल्यांना कळायचं नाही.

ती गाडी नगर नाक्यावर बंद पडली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गियर सुटला आणि गाडी चौकात जागच्या जागी उभी. मागं ट्रक हॉर्न वाजवत होता. अण्णा शेजारी बसले होते. ते उतरले आणि सत्तरीच्या वयात गाडी ढकलायला लागले. गियर बदलणारा भाग निकामी झाला होता आणि तो वॉरंटीत बसत होता. आठवड्यात होईल, असं तेव्हा सांगितलं होतं.

आता पोळा आला होता आणि वॉरंटी त्याच महिन्याच्या अखेरीला संपत होती. त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. कारखान्यातल्या साहेबांनी मला सप्लायरकडं जाऊन माल तपासायचं काम देऊ केलं होतं. आज शेंद्रा, उद्या चितेगाव असं फिरायचं काम. किती वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. साहेब भला माणूस, पण त्यांनीही शेवटी सांगून टाकलं, पहिल्या तारखेपर्यंत तुमच्या येण्याजाण्याचं ठरलं नाही तर दुसऱ्याला द्यावं लागेल. ते चूक बोलले असं मला म्हणता येईना, त्यामुळं जास्तच राग आला.

मग एका शनिवारी सुट्टी टाकली आणि अण्णांना म्हटलं, मला चिकलठाण्याला सोडा. त्यांनी फोन करून बघ म्हटलं, ऊन आहे म्हटलं, सोमवारी जाऊ म्हटलं. मी कॅलिपरचे पट्टे आवळले आणि स्कूटरजवळ जाऊन उभी राहिले. वर्कशॉपला पोचल्यावर ते आत आले नाहीत. एसीनं डोकं धरतं म्हणाले आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले.

आत काचेची खोली, सोफे, कॉफीचं मशीन. गाडी घेतली त्या दिवशी याच लोकांनी मला हार घातला होता, नारळ फोडला होता, फोटो काढले होते. गरज सरो, वैद्य मरो. ॲडव्हायजर मला पाहून उठला आणि माझ्या मागं बघत त्यानं विचारलं, सर नाही आले का? मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, सरांचं काय काम? तो ओशाळला. पार्टचं विचारलं तर मॅडम, पुढच्या आठवड्यात हंड्रेड पर्सेंट, असं म्हणाला, पण नजर टेबलावर. रोज माल तपासणाऱ्या माणसाला नजर चोरणारा माणूस लगेच कळतो. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी गाडी दाखव म्हटलं. तो आत जायची परवानगी नाही म्हणाला. मी तशीच निघाले. मागच्या आवारात खडी टाकलेली होती आणि खडीवर कॅलिपर लावून चालणं म्हणजे शिक्षाच असते. तो मागून मॅडम, मॅडम करत येत होता. गाडी भिंतीकडेला उभी होती. काचेवर धुळीचा थर, टपावर पक्ष्यांची घाण. बॉनेट कुणी उघडलेलंसुद्धा दिसत नव्हतं. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी आवाज चढवला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन खुर्चीत बसले. गाडी चालवत घरी जाईन, नाहीतर इथून उठणार नाही, असं सांगितलं.

मॅनेजर जाडसर, शांत माणूस होता. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं, मग ॲडव्हायजरकडं पाहिलं, मग पुन्हा कॉम्प्युटरवर.

"मॅडम, पार्ट तर मागच्या महिन्यातच आला होता," तो म्हणाला. "आम्ही फोन केला. सरांनीच थांबायला सांगितलं."

मी विचारलं, कुठले सर? त्यानं नंबर वाचून दाखवला. तो अण्णांचा होता. गाडी घेताना त्यांनीच पुढं होऊन आपला नंबर दिला असणार, आणि मी हार घालून फोटो काढून घेण्यात गुंग. आपल्याकडं बाईच्या नावावर गाडी असली तरी फोन पुरुषालाच जातो, यात शोरूमवाल्यांना काही वावगं वाटलं नाही आणि तोवर मलाही वाटलं नव्हतं.

बाकीचं ॲडव्हायजरनं सांगितलं, उभ्या उभ्या, मान खाली घालून. "काका स्वतः इथं आले होते. म्हणाले, घाई नाही. पोरीला सांगा, पार्टच आला नाही. हात जोडले त्यांनी माझ्यासमोर. मी काय करणार, मॅडम?" आणि सरांना घाई नाही म्हटल्यावर तो पार्ट दुसऱ्याच्या गाडीला लावून टाकला होता.

इतके महिने मी या पोराला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण अण्णांसाठी राखून ठेवलेली शिवी माझ्याकडं नव्हती. बाहेर लिंबाखाली बसलेला माणूस रोज संध्याकाळी माझ्याबरोबर शोरूमवाल्यांना नावं ठेवत होता, हे आठवून तर अंगाचा तिळपापड झाला.

पण आधी गाडी. मी मॅनेजरला विचारलं, टेस्ट ड्राइव्हला याच मॉडेलची गाडी ठेवलीय ना तुम्ही? तिचा पार्ट काढा आणि माझ्या गाडीला लावा, तुमचा आला की तिला लावा. आमच्याकडं मशीन थांबलं की असंच करतात. तो म्हणाला, तसं चालत नाही. मी म्हटलं, मालकिणीला न विचारता तिचा पार्ट दुसऱ्याला देणं चालतं, मग हेही चालेल. दोनतीन फोन झाले, तो बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. शेवटी म्हणाला, संध्याकाळपर्यंत बसावं लागेल. मी बसते म्हटलं. आणि तो नंबर बदलून माझा टाकायला लावला.

मग फाटकाकडं गेले. अण्णांनी माझं तोंड पाहिलं आणि ते ओळखून चुकले. उठायला लागले, मी बसा म्हटलं. का केलं एवढंच विचारलं.

"त्या दिवशी मागं ट्रक व्हता," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटलं. तुला सांगून तू ऐकली नसती."

नसतेच ऐकले, मी म्हटलं, पण ते माझं मी ठरवलं असतं. ते जमिनीकडं बघत राहिले. सिल्लोडकडच्या शेतात वाढलेला माणूस, जमिनीकडं बघायची सवयच. मग हळूच म्हणाले, "आन् सकाळी तू परत मागं बसाया लागली. बरं वाटायचं मला. घरात बसून काय करू दिसभर?"

माझा राग तिथंच निघून जायला हवा होता, पण गेला नाही. त्यांची दया आली आणि दया आल्याचा आणखी राग आला. मी म्हटलं, "अण्णा, मला नव्हतं बरं वाटत. पोलिओनं एक पाय नेला. दुसरा तुम्ही नेला."

त्यांनी नुसती मान हलवली. बोलल्यावर मला वाटलं, हे जास्त झालं. आजही वाटतं. पण खोटं होतं असं मात्र वाटत नाही.

उन्हं कलल्यावर गाडी मिळाली. त्यांनी विचारलं, मागं मागं येऊ का? मी नको म्हटलं आणि निघाले. गियर लोण्यासारखे पडत होते. मला सगळं शहर ओलांडून जायचं होतं आणि मला कसलाच आनंद होत नव्हता. घरी आम्ही दोन दिवस कामापुरतं बोललो. त्यांनी भाकरी टाकल्या, मी भाजी केली, टीव्ही चालू राहिला.

पहिल्या तारखेला मी शेंद्र्याला निघाले. अण्णा फाटकापर्यंत आले. एरवी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तरी पोहोचली की फोन कर म्हणणारा हा माणूस त्या दिवशी फाटक उघडून बाजूला झाला. कुठं चाललीस, कधी येशील, काहीच विचारलं नाही. दोन्ही हात मागं बांधून उभे होते. ते हात त्यांनी किती जोर लावून धरले होते, ते त्यांच्या ताणलेल्या खांद्यांवरून मला आरशात दिसलं.

शेंद्र्याला माल तपासताना माझं लक्ष सारखं फोनकडं जात होतं. तो वाजलाच नाही. शेवटी मीच बाहेर येऊन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला, म्हणजे हातातच धरून बसले होते.

"पोहोचले," मी म्हटलं.

"मी कुठं इचारलं?" अण्णा म्हणाले. पण फोन काही त्यांनी ठेवला नाही.