आधी तोंड, मग दाढ

ठाणे जिल्ह्यात ज्याला ज्याला म्हणून दात आहेत, त्या प्रत्येकाने माझ्या मावशीच्या यजमानांना एकदा तरी मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. मनातल्या मनात अशासाठी, की त्या वेळी तोंडात काकांची दोन बोटं असत. सरकारी दवाखान्यात एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली त्यांनी निम्मं आयुष्य काढलं. तो विलायतेला परत गेला तेव्हा त्याचा दात काढायचा चिमटा आणि त्याचं एक वेड काकांकडे राहिलं. चिमट्याचा लोकांना फारसा त्रास झाला नाही. वेड असं, की दुखऱ्या दाताला हात लावण्याआधी सबंध तोंड पाहायचं. टेंभी नाक्यावरच्या आमच्या ओटीवर माणूस सुजलेला गाल धरून यायचा. काका त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे, हातातल्या आरशाने उन्हाची तिरीप त्याच्या घशापर्यंत सोडायचे, आणि देवळात प्रदक्षिणा घालावी तसे शांतपणे हिंडू लागायचे. जीभ वर, जीभ बाहेर, हा गाल, तो गाल, टाळू. मध्येच ढग आला तर तो सरेपर्यंत तोंड मिटायची परवानगी नसे.

कोलशेतचा एक मिठागरवाला एकदा पार वैतागला. "काका, दात डावा हाय ना, तुमी उजवीकरं काय बगताव?"

"दात कुठे पळून जात नाही," काका म्हणाले. "तंबाखू कोणत्या गालात धरतोस, ते सांग."

ते शोधत असत पांढरा चट्टा, कडक गाठ, महिना उलटूनही न भरलेली जखम. "दुखतं ते माणूस आपण होऊन दाखवायला येतो," असं ते म्हणत. "न दुखणारं मलाच शोधायला हवं." हे वाक्य मी कचेरीतल्या मित्रांना काकांच्या आवाजात, हातात पळी धरून म्हणून दाखवत असे आणि हशा मिळवत असे. मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो, राहायला मावशीकडे होतो, आणि ज्याच्या घरचं खावं त्याचीच नक्कल करावी एवढी अक्कल मला आलेली होती.

माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखू येत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते ओशाळं हसत, आणि त्याने जांभई दिली की एकदम म्हणत, "अरे, तुम्ही होय!" कल्याणच्या एका लग्नात तर पंक्तीत समोर बसलेले एक मामलेदार कशावरून तरी खदखदून हसले. काका पानावरून उठले आणि म्हणाले, "हसणं थांबवू नका, तसेच राहा." मग भर मांडवात त्यांनी मामलेदारांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. केवढा गहजब! व्याही रुसले, जिलबी तशीच राहिली, आणि मावशीने काकांशी आठ दिवस अबोला धरला. महिन्याभराने मामलेदार गुपचूप मुंबईला जाऊन गालातली गाठ कापून आले. तेव्हापासून ते काकांना पाहिलं की लांबूनच हात जोडत. तोंड मात्र घट्ट मिटलेलं असे.

घरात काकांना काडीची किंमत नव्हती. दिवसभर लोकांच्या उष्ट्या तोंडात हात घालणारा माणूस मावशीच्या सोवळ्यात कुठे बसणार? आंघोळ झाली तरी स्वयंपाकघराचा उंबरठा त्यांना बंद. आम्ही पुरुष माजघरात जेवून उठायचो आणि मावशी मागाहून आत एकटी जेवायची. एकदा पाणी मागायला दाराशी गेलो, तर ती भाकरी ताकात भिजवून, मान एका बाजूला कलती करून, गिळत होती. ते ध्यान मला फार विनोदी वाटलं. ओटीवर येऊन मी त्याचीही नक्कल करून दाखवली.

काका हसले नाहीत. आरसा घेऊन उठले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा उंबरठा ओलांडून आत गेले.

"अहो, हे काय! बाहेर व्हा आधी!"

"तोंड उघड."

मावशीने पदर तोंडावर घेतला. "इश्श! तुमच्यासमोर?"

"अगं, सगळा जिल्हा उघडतो माझ्यासमोर," काका म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

तिने उघडलं. कोनाड्यातल्या डबीतली मशेरी ती रोज ज्या बाजूला चोळायची, त्याच बाजूला होतं. फार पुढे गेलेलं. मुंबईच्या सर्जनने नुसती मान हलवली. पुढचे चार महिने, मावशी जाईपर्यंत, काका स्वयंपाकघरातच बसत, पेज गाळून तिला चमच्याने भरवत, आणि तिचं झाल्यावर तिथेच स्वतः जेवत. आळी हसली. मी मात्र नकला सोडल्या. काका तिच्या ताटासमोर आधीच बसले असते तर, हा विचार मला आजही सोडत नाही.

त्यानंतर काका फारच असह्य झाले. दाढ घेऊन आलेल्या पुरुषाला विचारायचे, "घरी बायको आहे? आई? आधी त्यांना घेऊन या." तोवर चिमटा पेटीत. लोकांनी ओटीवर उभं राहून शिव्या दिल्या. पण ठणका कुणाला सुटला आहे? शहाडपासून बैलगाड्या येऊ लागल्या, आणि डोळ्यांपर्यंत पदर ओढलेल्या बायका उन्हात ओळीने 'आ' करून बसू लागल्या.

माझं लग्न झाल्यावर माझीही दाढ दुखू लागली. भाचा म्हणून सवलत मागून पाहिली. "सूनबाईला आण," एवढंच उत्तर. दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. काकांनी किती वेळ पाहिलं! जीभ वर, हा गाल, तो गाल. मग आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. अगदी स्वच्छ." डोळे पुसत ते तिला तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि त्या आनंदात माझी दाढ काढायची राहूनच गेली.

पुढे काका गेले. दाढ मी दुसऱ्या एकाकडून काढवून घेतली. फार सफाईचा हात; पापणी लवते न लवते तोच काम झालं. दाढेशिवाय त्याने दुसरं काहीही पाहिलं नाही.