राखेवाल्या ताई

वीटभट्टी बापाची, आणि बापाला मुलगा नाही, म्हणून ती भट्टीवर आली. लोकांनी नाकं मुरडली. पण पोरगी चिखलात हात घालायला लाजत नाही हे पाहून मुकादमाने तिला पहिल्याच महिन्यात 'ताई' म्हणायला सुरुवात केली, आणि मग ती सगळ्यांचीच ताई झाली.

भट्टीचं दुखणं जुनं होतं. तीस वर्षं माती खणून आजूबाजूला असे खड्डे झाले होते की भट्टी मधोमध बेटासारखी उरली होती. चांगली माती लांबून, दुसऱ्यांच्या शेतांचा वरचा थर खरवडून आणावी लागे. धुराने वडिलांच्या छातीचा भाता झाला होता. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला खोकला. आणि पलीकडच्या वीज केंद्रामागे कोळशाच्या राखेचा डोंगर वाढत होता. वारा सुटला की वाळत घातलेली चादर झटकल्याशिवाय घडी घालायची सोय नव्हती.

"बाबा, त्या राखेच्याच विटा करू," ती एक दिवस म्हणाली. "चुना घालायचा आणि यंत्रात दाबायच्या. माती नको, भाजायला नको, धूर नको."

वडील हसले, मग खोकले. "आगीतून उठून फुफाट्यात पडायचं म्हणतेस?"

पडली ती. पहिलं वर्ष पाण्यात गेलं. वीट उचलली की कोपरा हातात आणि बाकीची जमिनीवर. मुकादम आणि ती रोज एकेक वीट डोक्याइतक्या उंचीवरून खाली सोडायचे आणि आवाज ऐकायचे. 'थप्प' म्हणजे फसली, 'खण्ण' म्हणजे जमली. दीड वर्षाने पहिली वीट खणकली, तेव्हा पन्नाशीचा मुकादम ती वीट डोक्यावर घेऊन आवारभर नाचला. मग गवंडी अडून बसले. वीट म्हणजे लाल. हा मेलेला रंग भिंतीला कोण लावणार? तिने स्वतःच्या घराची मागची भिंत पाडून राखेच्या विटांनी बांधून घेतली आणि गवंड्यांना बोलावून हातात हातोडा दिला. "मारा." भिंत हलली नाही, तोंडं मात्र बंद झाली. त्या वर्षी तिने भट्टी कायमची विझवली.

तिचं पाहून आणखी दहा भट्टीवाले राखेकडे वळले. हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांनी संघटना काढली. सचिव कुणी व्हायचं यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा अक्षर चांगलं म्हणून ते काम ताईच्या गळ्यात पडलं. मागणी साधी होती: राखेचे डोंगर पडून राहू नयेत, ती राख बांधकामातच वापरली जावी, असा नियम सरकारने करावा.

साध्या मागणीला नऊ वर्षं लागली. तिने सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या. तिथे तिचं नाव 'अर्जवाल्या बाई' पडलं. प्रत्येक नव्या साहेबासमोर ती पिशवीतून एक वीट काढून टेबलावर ठेवायची. साहेब मान डोलवायचे, बदलून जायचे, वीट तिथेच राहायची. एका मजल्यावर तिच्या चार विटा पंख्याखाली कागद दाबत बसल्या होत्या. "निदान उपयोगात तरी आल्या," ती मुकादमाला म्हणायची. घरचे म्हणायचे, स्वतःचा धंदा सोडून लष्करच्या भाकऱ्या भाजतेस. ती म्हणायची, सगळ्यांचं झालं की आपलंही होईल.

आणि एक दिवस नियम झाला. वीज केंद्राने तीन वर्षांत सगळी राख वापरासाठी दिलीच पाहिजे, नाहीतर दंड. संघटनेच्या खोलीत तिला हार घातला. वडील जिना चढून वर आले, दम लागला तरी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

चौथ्या महिन्यात तिची गाडी वीज केंद्राच्या फाटकावरून रिकामी परत आली.

"राख नाही म्हणतात," मुकादम म्हणाला.

"नाही म्हणजे? डोंगर आहे तिथे!"

"डोंगराला आता मालक मिळालाय, ताई."

ती तशीच वीज केंद्रात गेली. तिथले राखेचे साहेब तिच्या ओळखीचे. तिच्या फायलीवर त्यांनीच वेळोवेळी चांगले शेरे मारले होते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"ताई, नदीपलीकडच्या सिमेंट कंपनीशी करार झाला. वीस वर्षांचा. ते सगळी राख उचलतात, स्वतःच्या बंद टँकरने, वर्षाचे बारा महिने."

"आणि आम्ही?"

"तुम्ही आठवड्याला चार गाड्या नेता. एखाद्या आठवड्यात यंत्र बिघडलं की त्याही नाही. उरलेल्या राखेचा दंड मला बसतो. मी काय करू, तुम्हीच सांगा."

"पण हा नियम आमच्यासाठीच तर मागितला होता!"

साहेबांनी नियमाचा कागद तिच्यापुढे सरकवला. 'राखेचा कणही शिल्लक राहू नये.' वाक्य तिचंच होतं. सातव्या अर्जातलं, तिसऱ्या पानावरचं. त्यांनी शब्दही बदलला नव्हता. राख कुणाला द्यावी, हे त्यात कुठेच नव्हतं. तिनेही कधी लिहिलं नव्हतं. राखेसाठी भांडणं होतील असं तेव्हा सांगितलं असतं तर लोक हसले असते.

तिने नवा अर्ज केला: लहान कारखान्यांसाठी पाचवा हिस्सा राखून ठेवा. उत्तर आठवड्यात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं लवकर. सूचना स्वागतार्ह आहे, पाच वर्षांनी नियमाचा आढावा घेताना विचार होईल.

संघटनेच्या बैठकीत कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक जण फक्त एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्या मागे आलो नसतो तर भट्टी तरी राहिली असती." पुढच्या बैठकीला चौघेच आले. दोघांनी पुन्हा माती खणायला घेतली होती. तिच्या अंगणातून तो धूर दिसायचा, आणि त्यांना तोंड वर करून काही बोलायला तिच्याजवळ जागाच नव्हती.

मुकादमाने हार मानली नाही. वीज केंद्र पूर्वी ज्यात राख सोडायचं, त्या जुन्या, सोडून दिलेल्या तळ्यातून त्याने गाळात भिजलेली राख आणली, वाळवली, चाळली. विटा झाल्या. ताईने एक उचलून सोडली. थप्प. दुसरी, थप्प. दहाव्या विटेला मुकादमानेच तिचा हात धरला. "पुरे, ताई."

वडील ओट्यावरून बघत होते. टोमणा मारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते एवढंच म्हणाले, "माझी माती संपली ते समजू शकतो. पण राख कुणाची संपते का गं?"

महिन्याभराने मुकादम टोपी हातात धरून दारात उभा राहिला. सिमेंट कंपनीत राख उतरवायला माणसं हवी होती. जुन्या मालकाचं पत्र लागतं म्हणाले.

"कधीपासून?"

"सोमवारपासून. तुम्ही नको म्हणालात तर नाही जात."

"नको कशी म्हणू? मी काय देणार आहे तुम्हाला?"

तिने पत्र लिहिलं. बावीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलं, असं लिहिलं. राख नुसती बोटांत चोळून हा माणूस तिची जात सांगतो, असंही लिहिलं, मग खोडलं. तिथे त्याला फक्त टँकरचं झाकण उघडायचं होतं. पुन्हा कोऱ्या कागदावर लिहून सही केली. त्याने पत्र चार वेळा घडी करून खिशात ठेवलं, वडिलांच्या पाया पडला आणि फाटकातून गेला.

आवारात शेवटच्या चांगल्या राखेच्या विटा रचलेल्या होत्या. त्या पक्क्या व्हायला अजून अकरा दिवस पाणी लागणार होतं, आणि पाणी मारायला आता कुणी नव्हतं. तिने नळी ओढत आणली, तोटी सोडली आणि एका टोकापासून सुरुवात केली.